बर्फ तिकडचा, गारा आमच्याकडच्या

मागच्या अंकात थंडीवर दोन ओळी काय लिहिल्या, तर टपाल, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडनं वादळाचेच प्रश्न आले. काही इथले, काही चक्क अमेरिकेतल्या बर्फाचे, कारण आता मराठवाड्यातल्या गल्लीगल्लीत एकतरी पोरगं तिकडं आहे. नावं न छापता गावं तेवढी देतोय. पत्रं लांब होती ती थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर नमस्कार, मी लातूरची. माझा मुलगा अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओमाहा म्हणून शहर आहे तिथं नोकरीला आहे, दोन वर्षं झाली. शिवरात्र झाली, आमच्याकडं पंखे लागले आणि त्याच्याकडं बर्फाचं वादळ आलं, दोन दिवस ऑफिस बंद. व्हिडिओ कॉलवर त्यानं घर दाखवलं तर एका बाजूला खिडकीपर्यंत बर्फ आणि दुसऱ्या बाजूला अंगणातलं वाळलेलं गवत दिसतंय! मी म्हणलं अरे अर्ध्याच घरावर पडला का काय. आणि तिथं डोंगर पण नाही म्हणतो, नुसतं सपाट. शिमला-मनालीला पडतो ते कळतं, पण सपाट जागी, ते पण हिवाळा संपताना, बर्फ कसा काय पडतो? लई काळजी वाटते.

उत्तर : काकू, त्या अर्ध्या घराचंच आधी बघू. बर्फ सगळीकडं सारखाच पडला होता, वाऱ्यानं तो एका अंगाचा उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकला. आपल्याकडं उन्हाळ्यात वावटळ येऊन गेल्यावर पाचोळा कुठं साठतो बघा, भिंतीच्या आडोशाला, गोठ्याच्या कोपऱ्यात, आणि मधलं अंगण झाडल्यासारखं साफ. तिकडं पाचोळ्याच्या जागी बर्फ. तिथला कोरडा बर्फ पिठासारखा भुरभुरीत असतो, पायलीभर पीठ पंख्याखाली ठेवल्यावर जे होईल ते तिथं शेकडो किलोमीटरवर होतं. म्हणून तिकडची जुनी माणसं किती बर्फ पडला याच्याइतकंच वारा किती हे विचारतात. अमेरिकेच्या हवामान खात्याची ब्लिझर्डची, म्हणजे हिमवादळाची, व्याख्या वाचा, त्यात बर्फ किती इंच पडला पाहिजे हा आकडाच नाही. वारा ताशी ५६ किलोमीटरच्या वर, उडत्या बर्फामुळं ४०० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही, आणि हे सलग तीन तास, झालं ब्लिझर्ड. आभाळातून एक कण न पडता आधीच जमिनीवर पडलेला बर्फ उठून वादळ झालं तरी ते ब्लिझर्डच, वर निळं आभाळ आणि खाली हात दिसत नाही असला प्रकार.

आता सपाट जागेचं. बर्फाला डोंगरच लागतो असं काही नाही, आपल्याला तसं वाटतं कारण आपण बर्फ हिमालयातच बघितलाय (तो पण बहुतेकांनी हनिमूनच्या फोटोत). बर्फाला लागते थंडी, आणि ती उंच गेल्यानं मिळते तशी उत्तरेला गेल्यानं पण मिळते. लातूर १८ अंशावर, ओमाहा ४१ अंशावर, म्हणजे श्रीनगरच्या पण बरंच वर. आणि खरी गोम पुढं आहे. आपला हिमालय आडवा पडलाय पूर्व-पश्चिम, मध्य आशियातली हाडं गोठवणारी हवा तो पलीकडंच अडवतो, नाहीतर आपण कधी हुरडा खाल्ला नसता. अमेरिकेत रॉकी पर्वत उभा आहे, उत्तर-दक्षिण. म्हणजे कॅनडाच्या बर्फाळ मुलखातून निघालेल्या हवेला थेट टेक्सासपर्यंत आडवं येणारं कुणीच नाही. आणि खालून मेक्सिकोच्या आखातातली गरम दमट हवा वर चढते, तिला पण रान मोकळंच. दोघींची गाठ मधल्या त्या सपाट मैदानात पडते, नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटा, म्हणजे बरोबर तुमच्या चिरंजीवांच्या दारात.

हिवाळा संपतानाच का, तर त्यावेळी भांडण जास्त पेटतं. दक्षिणेत ऊन तापायला लागलेलं असतं, उत्तरेत अजून जमीन गोठलेली, दोन्हीकडच्या हवेत जितकी तफावत जास्त तितकं वादळाला बळ जास्त. रॉकी पर्वताच्या पूर्वेच्या पायथ्याला, कोलोराडोकडं, कमी दाबाचं केंद्र तयार होतं, हवा त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरते, मग त्याच्या वायव्येच्या अंगाला बर्फ आणि सुसाट वारा, आणि त्याच वादळाच्या दक्षिण-पूर्वेच्या अंगाला विजा, गारा, कधी टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भोवरा. एकाच दिवशी, एकाच वादळात.

१३ मार्च २०१९ चं वादळ त्यातलं नमुनेदार. कोलोराडो स्प्रिंग्सला वाऱ्याचे झोत ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेले होते. २४ तासांत हवेचा दाब २४ मिलिबारच्या (हे दाब मोजायचं माप) आसपास पडला की हवामानवाले त्याला बॉम्ब सायक्लोन म्हणतात, हे तसलंच होतं. नेब्रास्काच्या पश्चिमेला हिमवादळ आणि पूर्वेला गोठलेल्या जमिनीवर पाऊस, पाणी मुरायला जागा नाही, वर साठलेला बर्फ वितळला, नद्यांत बर्फाच्या लाद्या वाहत आल्या, नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं. तो गायी विण्याचा मोसम, गोठ्याबाहेर जन्मलेली वासरं दगावली. तिकडच्या शेतकऱ्याचं दुःख वाचताना आपल्याकडचंच वाचतोय असं वाटत होतं.

काळजीचं म्हणाल तर पोराला घरात बसू द्या, घरं तिथली गरम असतात. फक्त त्याला सांगा की फोनवर नुसतं तापमान बघून बाहेर पडू नको, वारा धरून किती लागतं ते बघ. उणे १८ ला ताशी २४ किलोमीटरचा वारा असला की अंगाला ते उणे २८ सारखं लागतं, अर्ध्या तासात कान-नाकाची कातडी गोठायला सुरुवात. आपल्याला हे मोटारसायकलवर कळतं की, डिसेंबरात पहाटे औशाहून लातूरला या, उभं राहिलं तर स्वेटर पुरतो आणि गाडी पळवली की हाताची बोटं गेली.

प्रश्न : सर आमचं गाव अंबड तालुक्यात. २०१४ ला आमच्याकडं गुडघ्याएवढ्या गारा साचल्या होत्या, मी तेव्हा सातवीला होतो, आबा अजून म्हणतेत की तो बर्फच पडला व्हता. आता आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की येत्या आठ दिवसांत मराठवाड्यात बर्फवृष्टी. मित्र म्हणतो गार आणि स्नो एकच. खरं काय? आणि मोसंबीचं काय करावं?

उत्तर : मेसेज डिलीट करा. ज्यानं पाठवला त्याला पण प्रेमानं सांगा.

घोळ आपल्या भाषेचा पण आहे थोडा. आपण फ्रिजमधल्याला बर्फ म्हणतो, मनालीच्याला बर्फ म्हणतो, रसवंतीवरच्या लादीला पण बर्फच, मग गारांचा खच पडला की आबा बर्फ म्हणणारच. पण गार आणि तो भुरभुरणारा बर्फ यांचा जन्मच वेगळा. तिकडचा बर्फ ढगात वाफेचे थेट स्फटिक होऊन तयार होतो, कापसासारखा हळू हळू उतरतो, आणि त्याला ढगापासून जमिनीपर्यंत सगळा रस्ता थंडगार लागतो. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चात दुपारी पारा ३५ च्या पुढं, हवा गोठण्याइतकी थंड होते ती साधारण चार-साडेचार किलोमीटर वर. तिथनं निघालेला कापूस खाली येईपर्यंत पाणी होऊन जाणार. गार टिकते कारण ती दगड असते.

आणि गारेला उलट ऊनच लागतं! जमीन तापते, हवा वर उसळते, त्यात बंगालच्या उपसागराकडनं आणि अरबी समुद्राकडनं आलेली वाफ, आणि वरच्या थरात भूमध्य समुद्राकडनं निघालेल्या पश्चिमी झंझावाताची थंड हवा खाली झुकलेली. म्हणून बघा, टीव्हीवर हिमाचलात बर्फ दाखवतात त्याच आठवड्यात कधी कधी आपल्याकडं आभाळ भरून येतं. मग ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, त्यातला वर जाणारा वारा पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थरात फेकतो, गोठलेल्या दाण्यावर पाणी चढत जातं, वाऱ्याला पेलवतं तोवर दाणा वाढतो, पेलवेना की पडतो. आवळ्याएवढी गार पडली म्हणजे वरती तेवढी गार झेलून धरणारा वारा होता.

२०१४ ला मी गावाकडंच होतो. शिवरात्रीपासून होळीपर्यंत थांबून थांबून चाललं होतं ते. एक दिवस गारा थांबल्यावर मी ओट्यावरची एक मोठी, लिंबाएवढी, उचलली आणि आईच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन मधोमध फोडली. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक दुधाळ, एक काचेसारखा, परत दुधाळ. दुधाळ म्हणजे पाणी पटकन गोठलं आणि हवा आत अडकली, काचेसारखा म्हणजे सावकाश गोठलं. आईला दाखवायला गेलो तर ती म्हणाली, ते ठेव तिकडं, आधी हरभरा बघून ये. गेलो. घाटे फुटून दाणे चिखलात, गव्हाच्या ओंब्या झडलेल्या, ज्वारी आडवी, आणि पुढच्या दोन दिवसांत कणसं काळी पडली. कडबा पण काळा. त्यावर्षी जनावरांनी तो हुंगून सोडला.

मोसंबीचं सांगतो. गारेनं सालीला जखम झाली की बुरशी तिथनंच आत शिरते, तेव्हा पडलेली फळं बागेत ठेवू नका, मोडलेल्या फांद्या नीट कापून बोर्डोपेस्ट लावा आणि फवारणीचं कृषी विद्यापीठाच्या किंवा केव्हीकेच्या, म्हणजे कृषी विज्ञान केंद्राच्या, माणसाला झाड दाखवून विचारा, दुकानदाराला नको. पण त्याच्याआधी फोटो. झाडाखालचा सडा उचलायच्या आधी फोटो काढा, गट नंबर कुठंतरी दिसेल असा, आणि तलाठी-कृषी सहायकाला लगेच कळवा. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के भरावं लागतं, २०१५ च्या आधी ही अट ५० टक्के होती. माझ्या माहितीतल्या एकानं बाग साफ करून मग पंचनाम्याला बोलवलं, आलेला साहेब म्हणाला बाग तर चांगली दिसतेय की.

प्रश्न : मी नववीत आहे, परभणी. परभणीत कधी स्नो पडू शकतो का? पडला तर शाळेला सुट्टी मिळेल का?

उत्तर : परभणीत हिवाळ्यात पारा पाच-सहाच्या खाली उतरतो, पण त्या रात्री आभाळ कोरडं, एकदम निरभ्र असतं, म्हणूनच तर एवढी थंडी पडते. आभाळ भरून आलं की थंडी पळते. म्हणजे थंडी आहे तेव्हा ढग नाही, ढग आहे तेव्हा थंडी नाही. सुट्टीचं दुसरं काहीतरी कारण शोध बाळा.

प्रश्न : मी निवृत्त आहे, निलंगा. कॅन्ससला म्हणे अमेरिकेचं गव्हाचं कोठार म्हणतात. तिथं गव्हावर चार-चार महिने बर्फ असतो तरी पीक येतं आणि आमच्याकडं एक वारा सुटला की गहू झोपला. त्यांचं बियाणं वेगळं आहे का?

उत्तर : हो, आणि वेळापत्रक पण वेगळं. तिकडचा हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि जून-जुलैत काढतात. थंडीत तो बोटभर गवतासारखा जमिनीला चिकटून असतो, वाढीचा कोंब मातीच्या आत, आणि त्या गव्हाला थंडी खाल्ल्याशिवाय ओंबीच येत नाही. चार महिने सलग बर्फ काही नसतो, येतो-जातो, पण असला की चांगलंच. ताज्या बर्फात हवाच जास्त असते, साधारण दहा सेंटिमीटर बर्फ वितळला की एक सेंटिमीटर पाणी निघतं, बाकी सगळी पोकळी, गोधडीतल्या चिंध्यांसारखी. वर उणे वीस असलं तरी गोधडीखाली कोंब शाबूत. उलट बर्फ न पडता नुसता थंड कोरडा वारा सुटला तर तिकडचा शेतकरी घाबरतो, वाऱ्यानं गोधडी ओढून नेलेली चालत नाही. हा टणक गहू कॅन्ससला नेला तो १८७४ च्या सुमाराला रशियातनं आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी, टर्की रेड नावाचं वाण, म्हणजे बियाणं पण स्थलांतरितच.

पण त्यांचा पण गहू झोपतो बरं का. २०१७ ला एप्रिल संपता संपता कॅन्ससच्या पश्चिमेला ओला जड बर्फ आणि वारा एकदम आला, तोवर गहू उंच होऊन पोटऱ्यात-निसवणीत आलेला, सगळा आडवा. आपलं नेमकं तेच होतं. आपला गहू नोव्हेंबरात पेरून फेब्रुवारी-मार्चात पिकतो, म्हणजे वादळ येतं तेव्हा दाणा भरून माथा जड. ज्वारी तर पुरुषभर उंच, तिला वारा कुठूनही धरतो. बियाण्याचा दोष नाही सर, वेळेचा आहे.

वाऱ्यावर त्यांनी एक काम मात्र मोठं केलं. १९३० च्या दशकात तिकडं माती उडून शेतं ओस पडली तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारनं १९३४ पासून १९४२ पर्यंत नॉर्थ डाकोटापासून टेक्सासपर्यंत झाडांचे पट्टे लावले, जवळपास २२ कोटी झाडं. रस्त्याच्या कडेला बर्फ अडवायला फटींचं लाकडी कुंपण पण घालतात. फटी मुद्दाम ठेवतात, वाऱ्याचा जोर मोडतो आणि बर्फ कुंपणामागं पडतो, रस्त्यावर येत नाही. आपल्या अर्धापूरचे केळीवाले बागेच्या कडेनं शेवरी लावतात ती हीच गोष्ट. आपण मात्र बांधावरची बाभळ-लिंब सावली पडते म्हणून तोडून मोकळे झालो, मी पण एक तोडलाय, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : माझी मुलगी कॅन्ससमध्ये रोज कारनं चाळीस किलोमीटर जाते-येते. वादळात गाडी अडकली तर काय करावं? - छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गाडी सोडून चालत निघायचं नाही, हे पहिलं आणि जवळपास शेवटचं. समोरचं दिसत नाही, माणूस घराच्या दारापासून शंभर पावलांवर चुकतो. गाडीत बसायचं, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवायचं, आणि चालवायच्या आधी मागचा धुराचा पाइप बर्फानं बुजला नाही ना ते बघायचं, नाहीतर विषारी वायू आत येतो, त्याला वास पण नसतो. एक काच किंचित उघडी. डिकीत ब्लँकेट, पाणी, फावडं, आणि तुम्ही पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू असतीलच.

प्रश्न : दादा, मी वसमत तालुक्यातून. आमची हळद शिजवून खळ्यावर वाळत घातलेली असते, पंधरा दिवस तरी लागतात. गेल्यावर्षी दुपारी चार वाजता वारा सुटला, आम्ही ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्याला दगड ठेवले, ताडपत्री दगडासकट उडाली आणि लिंबाच्या झाडावर जाऊन बसली. हळद भिजली, रंग गेला, भाव पडला. मोबाइलवर इशारा आला तो पाऊस सुरू झाल्यावर. अगोदर कळायला काय करावं?

उत्तर : ताई, इशारे दोन प्रकारचे येतात. चार-पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज असतो, पिवळा, नारिंगी, लाल, तो रोज सकाळी बघायची सवय लावा आणि नारिंगी दिसला की त्या दिवशी हळद पसरूच नका, ढीग करून ठेवा. दुसरा पुढच्या दोन-तीन तासांचा असतो, तो येईस्तोवर कधी कधी ढग डोक्यावर येतो, तुमचं झालं तसं. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडायला लागली की ते दाखवतं, वीज आली म्हणजे तो ढग गारांचा असू शकतो इतपत धरून चालायचं.

आणि एक इशारा फुकटचा, रेंज नसली तरी येतो. दुपारभर उकडलेलं असतं, पान हलत नाही, आणि एकदम ढगाच्या बाजूनं फ्रिज उघडल्यासारखी गार झुळूक येते, मातीचा वास येतो. ती झुळूक म्हणजे ढगात पाऊस-गारा खाली पडायला लागल्यात आणि त्यांनी सोबत ओढून आणलेली थंड हवा जमिनीवर आपटून पुढं पळत आलीय. पाऊस मागं पाच-दहा मिनिटांवर. त्या झुळकीला 'आहा, बरं वाटलं' म्हणत बसू नका, उठा. त्या पाच मिनिटांत हळदच उचलायची असं पण नाही, आधी पोरं-म्हातारी घरात घ्या, झाडाखाली कुणाला उभं राहू देऊ नका, अगदीच रानात सापडलात तर डोक्यावर घमेलं धरा. लिंबाएवढी गार ताशी चाळीस ते पासष्ट किलोमीटरनं येते.

ताडपत्रीचं चुकलं ते कोपऱ्यांचं. दगड कोपऱ्याला ठेवले की मधली कड मोकळी राहते, वारा तिथनं आत शिरतो, ताडपत्री फुगते आणि मग दगडाचं काय चालतं. खळ्यावर पसरलेल्या हळदीवर ती कधीच नीट बसणार नाही, आधी दाताळ्यानं लांबट ढीग ओढा, माणसाच्या कमरेखाली उंची, मग ताडपत्री, आणि कडेनं सलग मातीनं भरलेली पोती, एकाला एक चिकटून. ढग ज्या बाजूला दिसतोय ती कड पहिली दाबायची, रोजचा वारा कुठनं येतो ते त्यावेळी विसरायचं, कारण वादळाचा वारा ढगाकडनं येतो. पोती आत्ताच भरून खळ्याच्या कडेला ठेवून द्या, हळद शिजायच्या आधी. आणि लिंबावरची ताडपत्री काढली का नाही ते कळवा.